फौज गेली, पेटी कधी येणार?

दिवाळीच्या अंकात फौजा, ठराव आणि निवडणुका यांची कथा सांगणे म्हणजे फराळाच्या ताटात चकलीशेजारी काडतूस ठेवण्यासारखे आहे, हे मी जाणतो. त्यातून मी पेशाने मराठीचा प्राध्यापक. संधी मला ठाऊक आहे तो व्याकरणातला. राष्ट्राराष्ट्रांतल्या संधीविग्रहाशी माझा संबंध काय? पण विद्यार्थी कधी कधी असा एखादा प्रश्न विचारून जातात, की तास संपला तरी तो आपल्यामागे घरापर्यंत येतो आणि जेवताना समोर बसतो. माझे तसेच झाले.

आमच्या पदवीच्या वर्गातली एक मुलगी स्पर्धा-परीक्षेचा अभ्यास करते. तास संपल्यावर ती म्हणाली, "सर, एका देशाच्या विधिमंडळाने दुसऱ्या देशात बसलेल्या तिसऱ्याच देशाच्या फौजेला 'निघा' म्हणून सांगायचे, आणि वर 'आता मोकळ्या निवडणुका घ्या' असेही बजावायचे, हा अधिकार त्यांना कोणी दिला?"

तिच्या पुस्तकात लेबनॉनचे प्रकरण होते. सीरियाची फौज लेबनॉनमध्ये शिरली १९७६ साली, तिथली यादवी थांबवायला म्हणून. आणि यादवी संपल्यावरही ती तिथेच राहिली. डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने केलेला कायदा अमलात आला. सीरियाने लेबनॉन सोडावे, नाहीतर तिच्यावर निर्बंध घालावेत, असा त्याचा रोख होता. सप्टेंबर २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने १५५९ क्रमांकाचा ठराव केला. उरलेल्या सर्व परकीय फौजांनी लेबनॉनमधून निघून जावे आणि तिथल्या अध्यक्षाची निवडणूक बाहेरच्या दडपणावाचून व्हावी, अशी त्यात मागणी होती. १४ फेब्रुवारी २००५ रोजी माजी पंतप्रधान रफीक हरीरी यांचा बाँबस्फोटात बळी गेला. बैरूतच्या चौकात माणसांचा समुद्र लोटला, आणि २६ एप्रिल २००५ रोजी सीरियाची फौज सरहद्दीपार गेली. त्यानंतर सुमारे महिन्याभराने तिथे मतदान सुरू झाले.

मुलीच्या प्रश्नाला उत्तर द्यावे म्हणून मी मनाने बैरूतला जायला निघालो आणि पोहोचलो कुठे, तर वालूरला! कारण फौज निघून जाणे आणि मतपेटी येणे, या दोन गोष्टींमधले अंतर मला प्रथम तिथे कळले होते.

आबांचे दोन दिवस

वालूर हे परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातले माझे गाव. चक्राकार पायऱ्यांच्या जुन्या बारवेमुळे अलीकडे त्याचे नाव चार लोकांच्या कानांवर गेले आहे. माझ्या लहानपणी मात्र गावाचे नाव सांगितले, की "कुठे आले हे?" असा प्रश्न ठरलेला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नातवंडे तिथे जमत असू. रात्री ओट्यावर पणत्या विझू लागल्या, की आबा, म्हणजे माझे आजोबा, निजामाच्या राज्यातल्या गोष्टी सांगत. पोलीस ॲक्शनची गोष्ट आम्ही पुनःपुन्हा सांगायला लावीत असू. एकदा मी विचारले, "आबा, तुमच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा दिवस तोच ना?"

आबा म्हणाले, "न्हाई बाळा. फौज आली तव्हा भेव गेलं. पन इज्जत आली, ती पेटी आली तव्हा."

त्या वेळी मला त्यांच्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. पेटी म्हणजे दागिन्यांची, अशीच माझी समजूत!

अर्थ लागण्यासाठी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा आमचा मराठवाडा स्वतंत्र झाला नाही. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजाम आणि भारत सरकार यांच्यामध्ये एक वर्षाच्या मुदतीचा 'जैसे थे' करार झाला. त्या वेळी निजामाच्या बाजूची एक मागणी मान्य करण्यात आली. ती अशी, की सिकंदराबादेच्या छावणीत ब्रिटिशांच्या काळापासून चालत आलेले सैन्य भारताने काढून घ्यावे. त्याप्रमाणे १९४८ च्या आरंभी ते सैन्य निघून गेले.

कागदावर पाहिले तर निजामाच्या दृष्टीने एक 'परकी' फौज माघारी गेली. पण रयतेच्या पदरात काय पडले? स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेस मागत होती जबाबदार राज्यपद्धती. लोकांनी निवडावे आणि निवडलेल्यांनी लोकांना जाब द्यावा, एवढेच तिचे म्हणणे. ते सोडून बाकी सारे झाले. संस्थानात कायदेमंडळ होते. पण त्यातल्या जागा जमाती आणि हितसंबंध यांच्या हिशेबाने वाटलेल्या, आणि शेवटचा शब्द निजामाचा. स्वामीजी तुरुंगात होते. छावणी रिकामी झाली आणि मोकळे रान मिळाले कासीम रझवीच्या रझाकारांना! पुढची कथा मराठवाड्यातल्या घराघरांतून सांगितली जाते. किती कुटुंबे रातोरात घरदार सोडून सरहद्दीपलीकडे नगर, सोलापूर, वऱ्हाडाकडे गेली, त्याची गणती नाही.

फौज गेली आणि पेटी आली नाही, म्हणजे काय होते, त्याचा हा आमच्या घरचा दाखला. अवघ्या काही महिन्यांत चक्र उलटे फिरले. ७ सप्टेंबर १९४८ रोजी पंडित नेहरूंनी दिल्लीच्या घटना समितीत, जी तेव्हा कायदेमंडळाचेही काम करीत होती, निजामाला बजावले, की रझाकार संघटना मोडून टाका आणि आमचे सैन्य सिकंदराबादेला परत येऊ द्या! वर्षाच्या आरंभी जे काढून घेतले तेच परत पाठविण्याची पाळी आली. १३ सप्टेंबरला मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या रणगाड्यांनी सोलापूरच्या बाजूने सरहद्द ओलांडली, दुसरी तुकडी औरंगाबादेकडून आली, आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. 'भेव गेलं' हे आबांचे म्हणणे सर्वांच्या बाबतीत खरे नव्हते. रझाकारांच्या पापाची शिक्षा त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यातल्या कित्येक निरपराध मुसलमान कुटुंबांनी भोगली. पंतप्रधानांनी त्याची चौकशी करण्यासाठी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठविली. तिचा अहवाल कित्येक दशके कपाटात राहिला. मुक्त करायला आलेली फौजदेखील शेजाऱ्याचे शेजाऱ्यापासून रक्षण करायला पुरी पडत नाही, हे त्यातून दिसते. त्यासाठी ज्याला जाब विचारता येईल असे सरकार लागते.

आणि ते लगेच आले नाही. सव्वा वर्ष जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर होते. नंतर केंद्राने नेमलेले एम. के. वेल्लोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री झाले. पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि मार्च १९५२ मध्ये बी. रामकृष्णराव यांचे लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ आले, तेव्हा फौज येऊन साडेतीन वर्षे लोटली होती.

आबांची पेटी ती हीच. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याची निशाणी. ज्याच्या पेटीत चिठ्ठी टाकली त्याला मत. आबा सांगत, की आजीने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा परक्या पुरुषासमोर, म्हणजे यादीवरच्या कारकुनासमोर, स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारले. तोवर ती कोणाची सून, कोणाची बायको आणि कोणाची आई एवढीच होती.

आबांनी मत कोणाला दिले, हे त्यांनी शेवटपर्यंत कोणाला सांगितले नाही. एवढे मात्र म्हणत, "ज्यानं सोडवलं त्यालाच मत द्यायचं असंल, तर मंग आपन सुटलो कशातून?"

आणि गंमत पाहा, आबांसारखे पुष्कळ निघाले. फौज पाठविणारे सरकार काँग्रेसचे. पण १९५२ साली परभणीने लोकसभेवर पाठविले ते शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे यांना. तेलंगणात नलगोंड्याने कम्युनिस्टांचे नेते रवि नारायण रेड्डी यांना इतक्या मतांनी निवडून दिले, की पंडित नेहरूंनाही तेवढी मते पडली नव्हती. हैदराबादच्या १७५ जणांच्या विधानसभेत काँग्रेसला ९३ जागा मिळाल्या. बहुमत मिळाले, पण उपकाराची परतफेड म्हणून कोणी सगळे दान तिच्या पदरात टाकले नाही. मराठवाड्याच्या स्वातंत्र्याचा दिवस आपण १७ सप्टेंबर म्हणून पाळतो, ते योग्यच. पण त्या स्वातंत्र्याची पावती फाटली १९५२ साली.

तोच सेनापती, दुसरे अंगण

हैदराबादेत रणगाडे घेऊन आलेल्या जनरल चौधरींचे नाव मराठी माणसाच्या कानावर तेरा वर्षांनी पुन्हा आले. डिसेंबर १९६१ मध्ये ते दक्षिण विभागाचे लष्करप्रमुख होते आणि गोव्याच्या मोहिमेची सूत्रे त्यांच्या हाती होती.

गोव्यात परकी फौज होती यात शंका नव्हती. १५१० साली आल्बुकेर्कने घेतलेली तिसवाडी पोर्तुगिजांनी साडेचारशे वर्षे सोडली नाही. १९५१ साली सालाझारच्या सरकारने घटना बदलली, आणि गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचा 'सागरपार प्रांत' आहे, असे ठरविले. शब्द बदलला की वस्तू बदलते, असे मानणारे लोक आम्हा भाषेच्या अध्यापकांतच असतात असे नाही! लिस्बनच्या सभेत गोव्याचे प्रतिनिधी बसत. पण देशात राजमान्य पक्ष एकच, आणि मताचा हक्क मूठभरांना. १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहिया यांनी मडगावला नागरी स्वातंत्र्यासाठी आवाज उठविला. त्यानंतर त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांना नुसत्या भाषणस्वातंत्र्याच्या मागणीपायी पोर्तुगालमधल्या तुरुंगात धाडण्यात आले.

भारताने प्रथम विनंतीचा मार्ग धरला. १९५० साली वाटाघाटींची मागणी केली, ती झिडकारली गेली. १९५३ साली लिस्बनमधली वकिलात बंद केली. १९५५ साली सत्याग्रहींच्या तुकड्या सरहद्द ओलांडू लागल्या. मे महिन्यात ना. ग. गोरे आणि सेनापती बापट निघाले. पुढे मधु लिमये गेले, जगन्नाथराव जोशी गेले, आणि बंगालचे त्रिदिब चौधरी गेले. चौधरी हे त्या वेळी लोकसभेचे विद्यमान सदस्य! भारतीय संसदेचा एक सभासद परकीयांच्या लष्करी न्यायालयाने ठोठावलेली शिक्षा भोगत गोव्याच्या तुरुंगात बसला आहे आणि दिल्लीत सभागृह भरते आहे, हे दृश्य संसदेला कसे झोंबले असेल, याची कल्पना करावी. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक माणसे मेली. १९५७ साली सुटून आलेले गोरे पुण्यातून लोकसभेवर गेले, राजापुरातून नाथ पै गेले, आणि गोव्याचा प्रश्न सभागृहात धगधगत राहिला.

सभागृहे दुसऱ्या बाजूचीही होती. १५ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १५४२ क्रमांकाचा ठराव करून गोव्यासह पोर्तुगालचे सारे 'प्रांत' स्वराज्य नसलेले प्रदेश आहेत असे जाहीर केले. पण वर्षभराने, १८ डिसेंबर १९६१ रोजी, भारतीय सेना गोव्यात शिरल्याबरोबर अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी सुरक्षा समितीत ठराव आणला, की भारताने आपले सैन्य मागे घ्यावे. त्या ठरावाला सात मते पडली, विरुद्ध चार. रशियाने नकाराधिकार वापरला म्हणून तो पडला. म्हणजे पाहा, साडेचारशे वर्षे बसलेली फौज 'घरची', आणि शेजारच्या अंगणातून आलेली 'परकी'! परकी फौज कोणती, हा प्रश्न नकाशा पाहून सुटत नाही. तिथल्या माणसाला विचारल्यावरच सुटतो.

१९ डिसेंबरच्या रात्री गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, हा सालाझारचा हुकूम त्यांनी पाळला नाही, म्हणून पणजी उद्ध्वस्त होण्यावाचून राहिली. मेजर जनरल कँडेथ लष्करी गव्हर्नर झाले. पण जून १९६२ मध्ये त्यांची राजवट संपली. संसदेने १९६३ साली केंद्रशासित प्रदेशांना विधानसभा देणारा कायदा केला, आणि ९ डिसेंबर १९६३ रोजी गोव्याने मत दिले. हैदराबादेत जे व्हायला साडेतीन वर्षे लागली, ते इथे दोन वर्षांत झाले.

आता निकाल पाहा. तीस जागांच्या त्या विधानसभेत, ज्या पक्षाच्या सरकारने गोवा सोडविला त्या काँग्रेसला मिळाली एक जागा, आणि तीही दमणची! खुद्द गोव्यात भोपळा. दयानंद बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे राज्य आले; समोर डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष. आबा तिथे असते तर खुशीत म्हणाले असते, "सुटले बरं का पोरं!"

आपल्याला मिळालेले उत्तर

इथपर्यंत मराठी वाचक सुखात असतो. गोवा सुटला, महाराष्ट्राशी मिळण्याची इच्छा बाळगणारा पक्ष निवडून आला, आता उरली ती मंगलाष्टके. १९६५ साली गोव्याच्या विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाची इच्छा तर उघडच होती. सत्याग्रहात ज्यांच्या घरची माणसे गेली, ज्यांनी सरहद्दीवर पोळ्याभाकरी पोहोचविल्या, त्या महाराष्ट्राला गोवा आपलाच वाटावा, यात नवल नव्हते.

पण दुसरा पक्ष म्हणाला, एवढा मोठा प्रश्न आमदारांच्या हात वर करण्याने सुटायचा नाही, लोकांना विचारा. केंद्राने ते मानले. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. सत्तेवरचा माणूस मतदानाआधी खुर्ची सोडतो, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांनी आणि विरोधकांनी सारख्याच अभिमानाने सांगावी अशी आहे.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाला फूल, वेगळे राहण्याला दोन पाने. फुलाला मते पडली १,३८,१७०. दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजारांच्या फरकाने गोव्याने महाराष्ट्राला, प्रेमाने का होईना, नकार दिला.

हा नकार महाराष्ट्राला लागला. माझ्या आधीच्या पिढीतले मराठीचे अध्यापक तो विषय निघाला की अजूनही गप्प होतात. परंतु त्या घटनेचा पुढचा भाग आपण सहसा सांगत नाही. कौलानंतर दोनच महिन्यांत गोव्यात पुन्हा निवडणूक झाली, आणि विलीनीकरण नाकारणाऱ्या त्याच मतदारांनी राज्य करायला पुन्हा बांदोडकरांचाच पक्ष निवडला! "तुम्ही राज्य चांगले करता, ते करा, पण आमचे घर कोणते, ते आम्ही ठरवू." इतका स्पष्ट विचार भल्याभल्या पंडितांना जमत नाही. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाले.

यात पोर्तुगालचे काय झाले? २५ एप्रिल १९७४ रोजी तिथली हुकूमशाही तिथल्याच सैनिकांनी उलथली, आणि बरोबर एक वर्षाने पोर्तुगीज जनतेने मोकळेपणी मतदान केले. म्हणजे लिस्बनचा नागरिक मोकळे मत देऊ लागला तो म्हापशाच्या आणि मडगावच्या नागरिकानंतर अकरा वर्षांहून अधिक काळाने! दुसऱ्यावर फौज बसवून ठेवणारी राजवट आपल्या घरच्या माणसालाही पेटीजवळ येऊ देत नाही, असा या हिशेबाचा अर्थ.

मुलीच्या प्रश्नाला मी पुढच्या तासाला उत्तर दिले. म्हटले, फौज काढा असे सांगण्याचा अधिकार विधिमंडळांना जरूर आहे. शब्दाचे दडपण गोळीपेक्षा केव्हाही बरे. मात्र त्या अधिकाराला दोन अटी आहेत. पहिली, फौजेची माघार आणि मोकळे मतदान एकाच दमात मागावे. नुसती माघार मागितली, की १९४८ चा मराठवाडा होतो. दुसरी अट अधिक अवघड. मागणाऱ्याने स्वतःविरुद्धचा कौल ऐकायची तयारी ठेवावी, आणि जी फूटपट्टी दुसऱ्याला लावली ती स्वतःलाही लावावी. ज्या अमेरिकेने सीरियाला लेबनॉन सोडायला सांगितले, तिच्या स्वतःच्या फौजा त्याच २००३ साली इराकमध्ये उतरल्या होत्या. आणि लेबनॉनमध्ये तरी मतदानाने सारे सुरळीत झाले असे नाही. पुढे २०१४ ते २०१६ पर्यंत सव्वादोन वर्षांहून अधिक काळ तिथे अध्यक्षाची खुर्ची रिकामी होती. पेटी आली म्हणजे प्रश्न संपतात असे नव्हे. पण ते प्रश्न मग आपले होतात.

भारताने १९५२ साली परभणीचे उत्तर ऐकून घेतले, काँग्रेसने १९६३ साली गोव्याचे, आणि महाराष्ट्राने १९६७ साली, डोळे पुसून का होईना, गोव्याचेच. आपल्या मुलांना आपण मोहिमांच्या तारखा पाठ करायला लावतो. त्यांत या तीन तारखाही असाव्यात, असे मला वाटते. कारण त्या तिन्ही वेळी जिंकणाऱ्याने निमूटपणे दार उघडे ठेवले.

मुलगी ऐकत होती. पुस्तके आवरता आवरता तिने विचारले, "सर, तुम्ही १९६७ साली गोव्यात असता, तर मत फुलाला दिले असते की दोन पानांना?"

मला वालूरचा ओटा आठवला, विझत आलेल्या पणत्या आठवल्या.

मी म्हटले, "अगं, मतदान गुप्त असते."